माझ्या नावावरचं रिव्हॉल्वर

मी हिराबाई. माहेर दिघाशीचं, सासर हे टेमघर. बापाला आमी चार पोरी, पोरगा न्हाय, म्हनून नांगर सोडून शेतातली सगली कामं आमीच केली, आनि खरं सांगू, नांगरपन दोन वर्सं मीच धरला. लग्न होऊन इथं आली तवा नवरा कामतघरला कापडाच्या लूमवर कामाला होता. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत न्हाय, गावात त्याला सगले दादूस बोलतात, तुमीपन तेच लिवा. मानूस देवमानूस, पन येकदा लूमच्या पट्ट्यात उजवा अंगठा सापडला तो कायमचा ताठ झाला, वलतच न्हाय. घास घेतो, सही करतो, पन सदऱ्याची बटनं लावायला मना हाक मारतो.

मंग इकडं गोदामं यायला लागली. आमची खाडीकडची जागा, आधी त्याच्यात भातपन धड होत न्हवता, तिला येकदम भाव आला. लोकांनी इकल्या, आमी न्हाय इकली. येक दलाल मागं लागला. रोज फोन. शिवी न्हाय, आवाज चढवनं न्हाय, गोड बोलायचा, दादूस, पोराबालांचा मानूस हायस, सांभालून जात जा. बास, येवढंच. पन काय सांगू तुमाला, त्या येवढ्यानंच वाघाची शेली झाली. लूम सुटलं, भजन सुटलं, दिवस मावलायच्या आत दादूस दाराला कडी घालून बसायचा. आनि त्याच्या डोक्यात बसलं का रिव्हॉल्वर घ्यायचं. तवा ती हवाच होती, जागा इकली का गल्यात सोन्याची चैन, दारात गाडी आनि कमरेला रिव्हॉल्वर. आमी न इकता घेनार होतो, येवढाच फरक.

दादूसच्या नावाचं लायसन आलं तसं मुंबैला दुकानात गेलो. मी संगं गेलीच. बैल घ्यायला जाताना खूर नि दात बघायला मीच जायाची, मंग हे तर त्याच्यापेक्षा महाग. दुकानातला शेट म्हातारा, सबुरीचा. त्यानं बारकी बारकी काडून दाखवली. दादूसचं तिकडं ध्यानच न्हाय, त्याचा डोला येका मोठ्यावर. गोली माझ्या करंगलीयेवढी जाडी, वजन असं का वरवंटाच. शेट बोलला, ही जुनी परदेशी चीज हाय, सिंगल ॲक्शन, म्हंजे दरवेली अंगठ्यानं हा मागचा घोडा वढायचा, मंग चाप दाबला का गोली सुटनार. दादूस बोलला, हेच पायजे, लांबून दिसलं पायजे. शेट बोलला, रिकामं हाय, वढून बघा.

आता तो ताठ अंगठा, घोडा हलतोय कसला. डाव्या हाताला सवय न्हाय, दोनी हातांनी केलं तरी घोडा तिथंच. शेटनं हलूच बारकं पुढं सरकवलं, बोलला, याला घोडा वढायला लागत न्हाय, नुसता चाप दाबा. दादूसनं दोनी खाली ठेवली आनि त्या परक्या मानसासमोर मना बोलला, मना भ्या वाटतं गो. इतक्या वर्सांच्या संसारात पयल्यांदा बोलला. माझं कालीज हाललं. मी ते मोठं धूड बाजूला ठेवायला उचललं आनि माझ्या अंगठ्यानं घोडा मागं गेला, कट्ट.

शेट बोलला, बाई, परत करा. केलं. सहा वेला केलं. खाडीतल्या कालवांची शिंपलं फोडून फोडून हा अंगठा घट्ट झालेला, त्याला घोडा म्हंजे काय. शेट बोलला, दादा, सरकारनं लायसन चुकीच्या मानसाला दिलं. आनि दादूस हसला, खुर्चीवर बसून पोट धरून हसला. किती महिन्यांनी हसला तो. बोलला, शेट, हे बाजूला ठेवा, हिच्या नावावर लायसन काडतो.

वरीस गेलं त्याच्यात, दलालाचे फोन चालूच. लायसनच्या साहेबांनी इचारलं, बाई, तुमाला कशाला पायजे? मी बोलली, नवरा सांभालायला. साहेब हसले, पन सही केली. रिव्हॉल्वर घरात आलं, मी दारातल्या वटीवर बसली का चामडी पट्ट्यात कमरेला लावून बसायची. दसऱ्याला त्याला खोबरेल लावलं, हलद-कुंकू वाहिलं. मंग निवडनूक लागली. निवडनुकीत सगल्यांची हत्यारं पोलीस ठेसनात जमा करायला लागतात. तिथं हवालदारानं नलीत बघितलं नि कपालाला हात लावला, बोलला, बाई, याचं लोनचं घालायचं व्हतं का? मी बोलली, नवी वस्तू हलदीशिवाय वापरायची कशी? बिचारा अर्धा तास काडीनं हलद कोरत बसला.

त्याच आठवड्यात दलाल दोन मानसं घेऊन आला. हत्यारं जमा झाली हे त्याला ठावं होतं. मी वटीवर बोंबील साफ करत बसलेली. बोलला, हिराबाई, आता काय करनार? माझा हात कमरेला गेला, तिथं काय न्हाय. तवर आतून दादूस आला. बनियनवर, मोकल्या हातानं. त्याच्या समोर पाटावर बसला आनि बोलला, जागा इकायची न्हाय. फोनवर काय बोलतोस ते इथं बोल, माझ्या तोंडावर, गावासमोर. शेजारची मानसं जमली. दलालानं आपली दोन मानसं मागं फिरवली. गेला तो गेलाच, फोनपन परत आला न्हाय.

रातीला जेवताना मी इचारलं, भ्या न्हाय वाटलं? बोलला, वाटलं की. पन तुझा हात कमरेला गेला नि रिकामा आला, तो मी आतून बघितला. मंग बसून कसा राहू?

आता त्या जागेवर आमचं सोताचं गोदाम हाय, दादूस भजनाला जातो, घरी यायला उशीर करतो म्हनून मीच वरडते. लायसन नवं करायला जाते तवा साहेब इचारतात, बाई, कधी चालवलंत का? मी बोलते, न्हाय साहेब, गरज पडली तवा ते तुमच्याकडंच जमा होतं. देवानं असंच ठेवावं, आमाला नि तुमालापन.