रांगेतला जनरेटर

(उमरग्याजवळ, हायवेवरचं चहाचं हॉटेल. बाहेर कंटेनरचा ट्रक उभा.)

गुरुलिंग : समुद्र पाचशे किलोमीटर लांब, आन बंदराचा धूर मोजायला बाई आली उमरग्यात!

वृषाली : धूर मोजत नाही हो. बंदरातलं प्रदूषण कमी करायचंय, म्हणून तिथं माल नेणाऱ्या ड्रायव्हरांची मतं घेतेय. काका, पुढचा प्रश्न. गेटवर रांगेत असताना इंजिन आणि जनरेटर बंद ठेवावा. सहमत की असहमत?

गुंडाप्पा : ठिवावा की. तो धूर आमीच तर खातो. पन माझ्या कंटेनरात द्राक्षं असत्यात, ताई. जनरेटर बंद केला की गारवा गेला, माल नासला.

वृषाली : मग असहमत?

गुंडाप्पा : असहमत कसं? रांगेत लाइटीचं कनेक्शन द्या. वायर जोडतो, जनरेटर बंद. असं लिवा.

वृषाली : लिहायला जागाच नाही यात. मोबाइलवर दोनच बटणं आहेत.

गुरुलिंग : असहमत दाबा, दाजी. सहमत म्हनलाव तर उद्या गेटवर दंड तुमालाच.

वृषाली : पण असहमत दाबलं तर काकांना धूर चालतो, असं वर दिसेल.

गुंडाप्पा : मला? धूर चालतो? ताई, गेल्या माघात माझी बायको, महानंदा, हितं दवाखान्यात व्हती. म्या तिकडं रांगेत. दोन दिस जनरेटरात डिझेल ओतत बसलो. दुसऱ्याचा माल, सोडून कसा येऊ? आलो तवा सगळं उरकलं व्हतं.

गुरुलिंग : अक्कानं तीनदा इचारलं मला. गाडी कुठवर आली म्हनून.

गुंडाप्पा : काय सांगितलंस?

गुरुलिंग : सोलापूर सोडलंय म्हनलं.

गुंडाप्पा : म्या तर गेटवरच व्हतो.

गुरुलिंग : ठावं व्हतं मला.

गुंडाप्पा : हे कधी बोलला न्हाईस, गुरू.

गुरुलिंग : काय बोलू, दाजी.

गुंडाप्पा : एक वायर असती, तर गाडी तिथंच लावून एसटीनं तरी आलो असतो. तेवढं लिवा की, ताई.

वृषाली : माझ्या वहीत लिहून घेते, काका. पण वही कुणी मागत नाही. आणि इथं एक बटण दाबल्याशिवाय पुढचा प्रश्न उघडत नाही.

गुंडाप्पा : न्हाय उघडला तर न्हाय. बसा निवांत. मला आता घरी पोचायची घाई न्हाय.