मान खाली घालून ऐकलेला शब्द

खलास म्हणजे काय, सांगा बघू तुम्ही? मेला, संपला, असंच ना? आमच्या रत्नागिरीकडे पण असंच. पण काय सांगू तुम्हाला, समुद्रापलीकडे हाच शब्द उठताबसता कानावर येतो आणि तिकडे त्यात मरणबिरण काय नसतं. चहा पुरे, खलास. गाडी भरली, खलास. तुझं काम झालं, काळजी करू नको, जा आता, खलास. या एका शब्दापायी माझा माणूस गेला, म्हणून आधी तेच विचारतो.

माझं नाव इब्राहिम. दाभोळ खाडीच्या काठावर आमचं गाव, बाप चिरेखाणीवर होता, मी पण मिसरूड फुटायच्या आधीपासून तिथेच, जांभा दगड तोडायचा आणि ट्रकात चढवायचा. मुंबईच्या एजंटने सांगितलान की सौदीत सोन्याच्या खाणीवर माणसं पाहिजेत, तेव्हा आई हसली. म्हणाली, सुट्टीवर येशील तेव्हा बूट अंगणात झाडू नको, घरात झाड. आता सोन्याचं म्हणाल तर मी त्या खाणीत इतकी वर्षं काढली पण सोनं बघितलं नाही. पांढरा दगड असतो, तो फोडायचा, दळायचा, त्यातून पुढे कधीतरी कणभर काहीतरी निघतं म्हणे, ते आमच्यासारख्याच्या नजरेला पडत नाही.

खाण सौदीच्या पश्चिमेला, हिजाझच्या डोंगरात, आजूबाजूला झाड म्हणून नाही. माणसं किती मुलखांतली! पठाण, मल्याळी, फिलिपिनो, आम्ही कोकणातले, आणि यमनी. एका बोगद्यात घाम गाळायचा पण वर आलं की प्रत्येकाची चाळ वेगळी, जेवणाचं टेबल वेगळं, आणि प्रत्येकाकडे दुसऱ्याला लावायला एक नाव. पठाण आम्हाला डाळखाऊ म्हणायचे, आम्ही मल्याळ्यांना हसायचो, आणि यमन्यांना सगळेच हसायचे, कारण ते जमिनीवर बसून एका मोठ्या थाळ्यात सगळे मिळून जेवायचे. आमच्या खोलीतला याकूब, तो गुहागरकडचा, तो तर उघड बोलायचा, कोंबड्या बघ कशा जमल्या दाण्यावर. आता सांगा, आमच्या कोकणी मुसलमानांत लग्नाला चौघं एका ताटात जेवतात, ते याकूबच्या घरी होत नव्हतं काय? पण परमुलखात माणूस आपलं ताट विसरतो.

सालेह यमनी, इब्बकडच्या डोंगरातला. ड्रिल मशीन चालवायचा, त्याला पगार जास्त, मी त्याचा मदतनीस. पहिल्याच दिवशी मी काहीतरी उलटं समजावायला गेलो तर बोललान, मी काय हिंदी आहे काय? हिंदी म्हणजे आपण हिंदुस्थानचे; मी काय येडा आहे काय, असं म्हणायची त्यांच्यात ती पद्धतच. मी विचारलं, हिंदी म्हणजे काय रे? तर हा पुढे चालायला लागला. मग बोगद्यात शिरताना त्याने लोखंडी पहार घेऊन छताला ठोकलान आणि कान लावलान, आणि मी पण सवयीने माझ्या बाजूचा दगड ठोकून ऐकला, आमच्या चिरेखाणीत तसंच करतात, पोकळ आहे की भरीव ते आवाजावर कळतं. त्याने वळून बघितलान. त्यानंतर ते हिंदीचं बोलणं त्याच्या तोंडून कधी आलं नाही. जेवायच्या वेळी माझा हात धरून त्या थाळ्यावर बसवायचा, मांसाचा चांगला तुकडा बोटाने माझ्याकडे ढकलायचा.

मग इराकने कुवेत घेतलं. आमची खाण लढाईपासून लांब, पण वारं आलंच. यमनचं सरकार सौदीच्या बाजूने उभं राहिलं नाही, तर इथे डोंगरात दगड फोडणारा यमनी रातोरात गद्दार झाला. काल ज्याच्या हातची कॉफी प्यायलात तो आज शत्रूचा माणूस? कोणीतरी त्यांच्या चाळीच्या दारावर डांबर फासलान. पाण्याच्या कूलरवर त्यांना शेवटी उभं करायला लागले. आणि हे कोण करत होतं? सौदी साहेब नव्हते हो, आम्हीच. आम्ही, ज्यांचा पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात, ज्यांना साहेब नावाने पण हाक मारत नव्हता. मी सालेहच्या थाळ्यावर बसायचं सोडलं नाही, तर याकूबने माझी गादी खोलीबाहेर टाकलान, म्हणाला, जा तुझ्या यमन्यांकडे झोप.

तेवढ्यात कायदा फिरला. यमन्यांना आधी कफील लागत नव्हता, आमच्यासारखं कोणा मालकाच्या नावावर राहायला लागत नव्हतं. आता हुकूम आला, कफील आणा नाहीतर मुलूख सोडा. याकूब खुशीत. बोललान, बरं झालं, ड्रिल आता आपल्याला मिळतील. ही खरी गोष्ट होती बघा. देश, धर्म, लढाई, ते सगळं वरचं वर. खाली ड्रिलच होतं.

सालेहला कफील पाहिजे होता. आमचा ठेकेदार तोच आमचा कफील, त्याच्या मनात असतं तर एका सहीचं काम. पण त्याच्यापर्यंत जाणार कोण? आमचे आचारी दाऊद चाचा, दापोलीकडचे, सगळ्यात वडील. कफीलला त्यांच्या हातची बिर्याणी आवडायची. चाचांना मी म्हटलं, तुम्ही शब्द टाका. चाचा म्हणाले, पोरा, मला बोलता येत नाही मोठ्या माणसापुढे. तरी गेले. धुतलेला सदरा घालून गेले.

परत आले ते हसतच. म्हणाले, झालं काम. मी सगळं सांगितलं, मालकाने ऐकून घेतलान, शेवटी खलास बोललान.

मी तर सालेहला मिठीच मारली. चाचांनी शेवयांची खीर शिजवलानी. पण सालेह अरबी माणूस, त्याने चाचांना विचारलान, खलास कसं बोलला? हात कसे होते त्याचे? चाचा म्हणाले, हात मी कशाला बघू बाबा, मालकापुढे मान वर करायची आमच्यात रीत नाही, मी त्याच्या चपलांकडे बघत होतो. सालेहने खिरीची वाटी खाली ठेवलान. मग हसला. त्याला पण ते खरंच पाहिजे होतं हो. पाहिजे असलेलं माणूस लवकर मानतो.

यमन्यांचे ट्रक निघाले तेव्हा तुम्ही बघायला पाहिजे होतं. खाणीवरचेच नाही, शहरांत बायकापोरं घेऊन राहणारे पण; गाद्या, फ्रीज, शिलाई मशीन, वर बसलेल्या बायका. सालेहचा भाऊ खाली उभा राहून कितीतरी वेळ सांगत होता, चल, अजून जागा आहे. सालेह म्हणाला, तू जा, माझं खलास झालंय. आम्ही दोघं रस्त्यावर उभे राहून धूळ खाली बसेपर्यंत बघत होतो. मागून आमच्यातलेच काही जण शिट्ट्या मारत होते.

मुदत संपली आणि पोलिसांची जीप आली. सालेह पाळी करून वर येत होता, अंगावर दगडाची भुकटी, पायात खाणीचे बूट. त्याने कफीलचं नाव सांगितलान, पुन्हा पुन्हा सांगितलान. योगायोगाने कफील त्या दिवशी खाणीवरच होता, ऑफिसच्या दारात. चाचा रसोड्यातून तसेच धावत आले, हात पिठाचे, त्याच्यापुढे उभे राहिले, आणि जन्मात पहिल्यांदा मान वर केलानी. कफील म्हणाला, मी तुला तेव्हाच बोललो होतो, खलास. आणि दोन्ही तळवे एकमेकांवर घासून झाडलान, जशी हाताची माती झाडतात.

तेव्हा चाचांना कळलं. मला पण तेव्हाच कळलं. इतकी वर्षं तिकडे राहून आम्ही आपल्या गावचा खलास विसरलो होतो, आणि तो नेमका त्या दिवशी आमच्या गावचा खलास बोलला होता.

सालेहला चाळीत जाऊन कपडे पण बदलू दिले नाहीत. जीपमधून त्याने माझ्याकडे बघितलान आणि मूठ करून जीपच्या टपावर आतून ठोकलान, बोगद्याचं छत ठोकून बघायचा तसं. मी कान लावला. दुसरं करू तरी काय शकत होतो? त्यानंतर त्याची खबर नाही. भावासोबत गेला असता तर निदान आपल्या माणसांत, आपल्या सामानासकट गेला असता.

थंडीत लढाई पेटली. लांब दम्मामकडे, रियाधकडे क्षेपणास्त्रं पडायची ती आम्ही रेडिओवर ऐकायचो. ड्रिल मला दिलानी. याकूब पाठीवर थाप मारायला आला, मी त्याचा हात बाजूला केला. पुढे स्वस्तातली नवीन माणसं आली आणि मग कूलरवर शेवटी उभं राहायची पाळी आमची. चाचांनी खलास हा शब्दच सोडून दिलानी. डेगेतला भात सरला की सरला म्हणायचे, खलास कधी म्हणाले नाहीत. दापोलीला परत येऊन वारले. मी त्यांना कधी दोष दिला नाही, त्यांनीच स्वतःला दिलानी.

आता मी गावीच असतो. आमच्या चिरेखाणीवर हल्ली कर्नाटकची माणसं आहेत, आंब्याच्या बागा राखायला नेपाळी. आणि गावात बोलणं चालू झालंय, ही माणसं नकोत, यांना काढा. बोलणारे कोण, तर ज्यांची पोरं आज पण दम्माम, अल-खोबरला दुसऱ्याच्या नावावर राहतात! मी ऐकतो आणि मला याकूबचा आवाज येतो.

सालेह जिथे असेल तिथे अल्ला त्याला सुखात ठेवो, तुम्हाला पण ठेवो. माझं एकच मागणं आहे. आज ना उद्या तुमच्या दारात असा कोणी येईल, ज्याच्यासाठी मोठ्या माणसाकडे शब्द टाकायला लागेल. टाका. चाचा निदान गेले, बाकी कोणी तेवढं पण केलं नाही. पण तिथे चपलांकडे बघत उभे राहू नका. त्याच्या तोंडाकडे बघा, हातांकडे बघा, आणि हो की नाही ते त्याच्या तोंडून कळल्याशिवाय त्या दारातून हलू नका.