वरवंट्यानं सरळ केलेला टेस्टर

टेस्टरचं नाव नका काढू बाई माझ्यापुढं! परवा आमच्या गीझरच्या बोर्डातून जळका वास यायला लागला. ह्यांनी मीटरजवळचं एक बटण पाडलं, बोर्ड उघडला आणि वायरीला टेस्टर लावला. टेस्टरमधला दिवा काही पेटला नाही.

"बघ, लाईट बंद हाय," म्हणत हे वायर धरायला निघाले. मी ओरडलेच.

"अहो, थांबा! मोबाईल चार्जिंगला लावलाय ना, तो काढून त्या पॉइंटला आधी लावून बघा."

"तुला लईच भ्या," म्हणत त्यांनी तिथं टेस्टर लावला. आत्तापर्यंत तिथं मोबाईल चार्ज होत होता, टेस्टर मात्र तिथंही पेटला नाही.

ह्यांचा चेहराच उतरला. शेजारून दुसरा टेस्टर आणला. तो गीझरच्या वायरीला टेकवला आणि लख्ख पेटला. बटण भलतंच पाडलं होतं!

"पण आपला टेस्टर बिघडला कसा?" हे पुटपुटले.

स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "बिघडंल कशाला? कुकरच्या दांडीचा स्क्रू पिळताना वाकला हुता. मीच वरवंट्यानं ठोकून सरळ केला. बघ की, कसा नव्यासारखा दिसतोय!"