अण्णानं गाडी कुठल्या स्टेशनाला लावली?

...न्हाई, मला एक सांगा, एका गावाला इतकी स्टेशनं लागतात कशाला? आमच्या बीदरला एक स्टेशन हाय. एक. उतरलं की बीदर आलं, चढलं की बीदर गेलं, विषय संपला. आन् हे हैदराबाद बघा... नामपल्ली म्हंजे हैदराबाद, काचीगुडा बी हैदराबाद, सिकंदराबाद म्हणं येगळं गाव हाय पर हैदराबादच, आन् लिंगमपल्ली तर हैदराबाद सुरू व्हायच्या आधीच हैदराबाद. माणसानं मोटारसायकल लावायची तर कुठं लावायची? आन् लावली तर लावली, घरात कुणाला सांगायला नको का, की बाबांनो, अमक्या स्टेशनाला लावलीय?

थांबा, पहिल्यापासनं सांगतो, न्हाईतर तुम्ही बी माझ्यासारखेच घोटाळ्यात पडाल.

माझा थोरला भाऊ सिद्धलिंग. मी अण्णा म्हणायचो. हैदराबादला लिफ्ट बसवायच्या कामावर व्हता. सुट्टी मिळाली की खोलीवरनं मोटारसायकल काढायची, सोयीचं असंल ते स्टेशन गाठायचं, स्टँडवर गाडी लावायची, मिळंल ती रेल्वे धरून बीदर, आन् तिथनं बसनं आमच्या गावी, निर्ण्याला. गेल्या महिन्यात असाच आला. चावी खुंटीला अडकवली, म्हणाला, "मल्लू, अंग कसकस करायलंय, जरा पडतो." पडला तो पडलाच. बीदरला दवाखान्यात नेलं, ते म्हणाले ताप डोक्यात गेला. आता ताप डोक्यात जातो म्हंजे कुठनं जातो, कसा जातो, मला अजून कळलेलं न्हाई, आन् ज्याला विचारायचं तो अण्णाच व्हता... तर अण्णा गेला. चावी खुंटीला तशीच.

आन् गाडी? गाडी हैदराबादला, कुठल्यातरी स्टँडवर. टोकन अण्णाच्या निळ्या शर्टाच्या खिशात. आन् आमच्या आईनं, अव्वानं, हट्टानं त्याला तोच शर्ट घातला. आमच्यात माणसाला झोपवून पुरत न्हाईत, बसवतात. तर अण्णा बसला, शर्ट त्याच्या अंगावर, आन् टोकन त्याच्या खिशात. त्या येळी खिसे कोण तपासतंय?

एक दिवस अप्पा जेवता जेवता थांबला आन् म्हणाला, "पोराची गाडी परक्या गावात उभी हाय. ती घरी आली पायजे." झालं. अप्पा महिनाभर एक शब्द बोलला नव्हता, आन् बोलला तर हे. माझा सोभाव तुम्हाला ठाऊक न्हाई, माझं आधी पाय उठतात आन् मग डोकं. ताटावरनं उठलो, खुंटीची चावी घेतली आन् पळत सुटलो. मागनं शैलश्री वैनी वरडायली, "मल्लू, अरे ऐक तरी, तुला..." पुढचं ऐकायला मी थांबलो कुठं? मला वाटलं भाकरी बांधून देत असंल.

बसमधनं अण्णाच्या खोलीवरच्या मृत्युंजयला फोन लावला. म्हटलं, अण्णा गाडी कुठं लावायचा?

"नामपल्लीला. न्हाई बे, काचीगुडा. पर कवाकवा लिंगमपल्लीला बी. आन् सिकंदराबादला तर लावायचाच."

"मग लावायचा न्हाई कुठं?"

"ते बी सांगता येत न्हाई," म्हणला.

असं हाय बघा. चावी खिशात, गाडी कुठं?

पहिलं आलं लिंगमपल्ली. खूण सोपी व्हती. अण्णाच्या गाडीची सीट फाटली तवा अव्वानं आपल्या जुन्या इरकली लुगड्याची खोळ शिवून घातलेली, लाल काठाची. आन् नंबर आपल्या बीदरचा, केए अडतीस. म्हटलं हैदराबादात बीदरची गाडी असून असून किती असणार? अवो, तिथं अर्धं बीदर उभं व्हतं. भालकी, औराद, हुमनाबाद, सगळी अडतीस नंबरची पिलावळ एका रांगेत. एका गाडीच्या सीटवर लाल फडकं दिसलं. मी काय बघतोय, काय न्हाई, सरळ चावी घातली. आन् चावी फिरली की.

मानगुटीवर हात पडला. "क्या कररा बे?"

म्हटलं, "माझ्या भावाची गाडी हाय."

"तेरे भाई की? मेरे बाप ने दिलायी मेरेकू." मग एकदम थांबला. "तू मराठी बोलायलास. कुठला बे तू?"

"निर्णा."

"कुणाचा?"

"काशप्पाचा."

"आरं, मी हुमनाबादचा. नरसिंग." आन् मानगूट सोडून त्यानं खांद्यावर हात टाकला, म्हणला, "जुन्या चाव्या अशाच, कुठं बी फिरतात. चल, चहा घे." चोराला चहा पाजणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. चहा घेता घेता विचारलं, "आन् मग तुझा भाऊ कुठंय?"

तुम्हाला आता सांगतोय तसं तवा सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, "गावाकडं हाय."

खोटं न्हाई. गावाकडंच हाय.

नरसिंगनं नंबर दिला, काय लागलं तर फोन कर म्हणला. ह्यो चहा सोडला तर लिंगमपल्लीत काय ठेवलंय सांगा.

तिथनं नामपल्ली. आता नामपल्ली माझं लाडकं स्टेशन, कामून सांगू? तिथं रूळ संपतात. पुढं भिंत. मी पहिल्यांदा एकटा जायलो तवा अण्णा फोनवर म्हणला, "मल्ल्या, तू नामपल्लीलाच ये. तिथं रेल्वेला पुढं जाताच येत न्हाई. तू झोपलास तरी पोचतोस." आन् मी खरंच झोपलो. जाग आली तर डबा मोकळा, आन् अण्णा खिडकीतनं हात घालून माझं नाक दाबून उभा. इतकं चांगलं स्टेशन दुसरं असंल का? सगळ्याच स्टेशनांनी असं पाहिजे, भिंत पाहिजे. स्टँड पूर्ण पालथा घातला. लाल काठ न्हाई. स्टँडवाला म्हणला, "टोकन लाओ, ढूंढ देता." म्हटलं, टोकन भावाकडं. "तो भाई को भेजो." म्हटलं, भाऊ गावाकडं हाय. "आया तो भेजो," म्हणला. व्हय म्हटलं.

चावी खिशात, गाडी कुठं?

मग काचीगुडा. काचीगुडा दिसायला सगळ्यांत देखणं, पांढरे घुमट, मनोरे. माझा आन् त्या स्टेशनाचा एक घोळ झालेला हाय. पहिल्यांदा बघितलं तवा मला वाटलं दर्गा हाय. गुलबर्ग्याला अव्वासंगं जायचो ना दर्ग्याला, तसंच. मी पायरीला हात लावून चपला काढल्या, हातात धरल्या आन् डोकं झाकाय रुमाल बांधला. अण्णा समोरनं बघत व्हता. त्यानं बी चपला काढल्या, हातात घेतल्या, आन् दोघं भाऊ अनवाणी तिकिटाच्या खिडकीपर्यंत गेलो. तिथं म्हणला, "मल्ल्या, आता नवस बोल, जागा मिळू दे म्हण." सगळी रांग हसायली. मी वर्षभर त्याच्याशी बोललो न्हाई... न्हाई, वर्षभर कसला, वडापाव खाईपर्यंत.

परवा तिथं गेलो तर पायरीवर आपोआप वाकलो. मागनं एक बाई म्हणली, "क्या गिरा बेटा?" म्हटलं, काय न्हाई, चावी.

गाडी तिथं बी नव्हती.

ऱ्हायलं सिकंदराबाद. मला नावडतं स्टेशन विचाराल तर सिकंदराबाद. त्याला दोन तोंडं हायती. एक नंबर फलाटाकडनं एक, दहा नंबराकडनं एक. माणसाला दोन तोंडं असली तर आपण त्याला काय म्हणतो? मग स्टेशनाला कामून म्हणायचं न्हाई? अण्णानं सांगितलेलं, एक नंबराकडनं बाहेर ये. मी आलो. आन् उभा. अण्णा न्हाई. ऊन चढलं, अण्णा न्हाई. फोनची बॅटरी गेली, अण्णा न्हाई. तिन्हीसांजेला आला, घामानं भिजलेला, डोळे लाल. आल्या आल्या एक थोबाडीत दिली, मग मिठी मारली, मग हॉटेलात नेऊन बिर्याणी खाऊ घातली, आन् मी खाताना नुसता बघत बसला. म्हणला, "दहा नंबरला उभा व्हतास बे."

आता माझं काय चुकलं? मी कन्नड शाळेत चौथीपर्यंत. तिथल्या तेलुगू पाट्या कन्नडासारख्या दिसतात, अर्ध्या वाचता येतात, अर्ध्या येत न्हाईत. काहीच वाचता आलं नसतं तर कुणाला तरी विचारलं असतं ना?

पर त्या दिवसानंतर मी कवाच चुकलो न्हाई. बरोबर एक नंबराकडनं बाहेर यायचो, अण्णा बरोबर समोर उभा. मला लई अभिमान. गावात सांगायचो, सिकंदराबाद आता आपल्याला पाठ हाय.

तर परवा बी तसाच, बरोबर एक नंबराकडनं बाहेर आलो. तिकडं आता पाडापाडी चाललीय, धूळ, पत्रे, काय वळखू येत न्हाई. स्टँडवर गेलो. आन् तिसऱ्या रांगेत, कोपऱ्यात, धुळीत...

लाल काठ.

मी लांबच उभा ऱ्हायलो. पाय उचलंना. दिवसभर पळत व्हते, आन् आता उचलंनात. वाटलं, गाडी हाय म्हंजे अण्णा इथंच कुठंतरी चहा पित असंल.

स्टँडवाला आला, म्हातारा, भीमण्णा त्याचं नाव. जहिराबादचा. "टोकन?"

"अण्णाकडं हाय."

"अण्णा किधर है?"

"गावाकडं."

"कब आता?"

बघा, मला मराठी येती, कन्नड येतंय, ह्यांची हिंदी येती. मराठीत बोलाय गेलो, निघंना. कन्नडात गेलो, तिथं बी निघंना. शेवटी हिंदीत निघालं. म्हटलं, "नै आता. मर गया."

महिन्यात पहिल्यांदा मी ते म्हटलं. आन् म्हटल्यावर मलाच वाटलं, कुणाबद्दल बोलायलाय ह्यो माणूस?

भीमण्णानं मला खालपासनं वर बघितलं, म्हणला, "तू छोटा भाई? उल्टी बाजू से निकलता सो?"

"मी कशाला उलट्या बाजूनं? मी एक नंबराकडनंच येतो."

"ये दस नंबर है बेटा," म्हणला. "तेरा भाई पहले उधरिच लगाता था. एक दिन तू गुम गया, तब से इधर. मैं बोला, उधर लगा, तेरेकू नजदीक पडता. बोला, नक्को, मेरा छोटा इधरिच निकलता."

आता सांगा. सगळी वर्षं मी चुकीच्याच बाजूनं बाहेर यायलो, आन् अण्णा चुकीच्याच बाजूला येऊन उभा. मी पाटी कवा वाचलीच न्हाई. पाटी कोण वाचतंय? मी अण्णाला बघायचो.

भीमण्णानं आपल्या खांद्यावरच्या टॉवेलनं सीट पुसली. लुगड्याचे काठ पुन्हा लाल झाले. "ले, चालू कर."

मी चावी घातली, फिरवली, दिवा लागला. आन् मी बसलो.

भीमण्णा बघायला. मी बी बघायलो. पुढं हँडल, मधी अण्णाची मोकळी जागा, आन् मी मागं.

"आगे बैठ," म्हणला.

आन् तवा... काय सांगू तुम्हाला. मला गाडी येत न्हाई. लहानपणी अण्णानं शिकवायला घेतलं, मी त्याच्यासकट तुरीच्या रानात घुसलो, तवापासनं तो म्हणला, तू मागंच बरा हाईस. तवापासनं मी मागं. दिवसभर चार स्टेशनं हिंडलो, चोर झालो, दर्ग्याच्या पाया पडलो, पर हे एकदा बी डोक्यात आलं न्हाई की गाडी सापडली तर ती चालवणार कोण.

तेवढ्यात फोन वाजला. वैनी. सकाळधरनं वाजायला, मी उचललाच नव्हता, वाटायचं सापडली का म्हणून विचारंल.

"मल्लू, मी तवाच वरडत व्हते, तुला चालवायला कुठं येतंय म्हणून."

म्हटलं, "वैनी, मी मागं बसलोय."

ती हसली. महिन्यात पहिल्यांदा हसली, मी बी हसलो, आन् हसता हसता तिकडनं रडायचा आवाज आला. फोन तिनं ठेवला का मी ठेवला, ध्यानात न्हाई.

नरसिंगला फोन केला. दुसऱ्या दिवशी त्याला सुट्टी व्हती. सकाळी आला, डोक्यात भलं मोठं हेल्मेट, कीक मारली, गाडी सुरू. म्हणला, बस. बसलो मागं. हैदराबाद ते निर्णा, सगळा रस्ता.

इथंच माझं चुकलं बघा. गावात शिरायच्या आधी मी उतरायला पायजे व्हतं. कुणीतरी सांगायचं ना? अप्पा दारात बसलेला. त्यानं लांबनं गाडी बघितली. लाल काठ. पुढं हेल्मेट घातलेला गडी, मागं मी. कायम येत व्हतो तसं. अप्पा उठला. आतनं अव्वा आली, हात पिठाचे, तशीच अनवाणी रस्त्यापर्यंत...

नरसिंगला काय ठाऊक? त्यानं गाडी थांबवली आन् हेल्मेट काढलं.

अप्पा पुन्हा खाली बसला. अव्वा तशीच उभी. मग पदरानं हात पुसले आन् नरसिंगला म्हणली, "लांबनं आलास बाबा. हातपाय धू, भाकरी टाकते."

आता गाडी अंगणात हाय. अप्पा रोज पुसतो. मला म्हणतो, शीक. नरसिंग म्हणतो, रविवारी येतो, शिकवतो, काय अवघड न्हाई. चावी खिशात, गाडी दारात, सगळं हाय.

म्हटलं, ये की रविवारी. पर आधीच सांगतो, मी मागं बसूनच शिकणार.