दोन कॉलेजं आणि माझी छाती

...आणि थंड किती असतो हो तो! नाही, हसू नका, तुमच्या उघड्या छातीवर चौतीस पोरांनी एकामागून एक स्टेथोस्कोप टेकवलाय का कधी? माझ्या टेकवलाय. चौतीस. मोजलेत मी, पडल्या पडल्या दुसरं करणार काय... आणि प्रत्येक जण आपला, 'काका, जरा श्वास रोखा.' अरे, किती रोखू, मी काय पाणबुड्या आहे? आणि हे सगळं कशासाठी, तर आमच्या लेकीने कुठलं मेडिकल कॉलेज घ्यावं ते ठरवण्यासाठी. अॅडमिशन तिची, छाती माझी. आता बोला. तरी मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो, निर्णय तिचा. मी आपलं फक्त सुचवतो.

तर झालं असं, दोन कॉलेजांची पत्रं एकाच दिवशी आली. एक कॉलेज घरापासून चालत वीस मिनिटांवर, गच्चीतून त्याची पाण्याची टाकी दिसते. दुसरं बसने आठ तास, तेही बस वाटेत बंद पडली नाही तर. दोन्हीकडे शुक्रवारी पाचच्या आत कळवायचं. आता यात विचार करण्यासारखं आहे काय, मला सांगा? पण नाही, पोरगी ती दोन पत्रं टेबलावर शेजारी शेजारी मांडून बसली, जेवतानासुद्धा घास हातात आणि डोळे पत्रात. मी म्हटलं, 'हे बघ, निर्णय तुझा. मी आपलं फक्त सुचवतो, जवळचं घे.' सुचवलं हो, दिवसातून अकरा वेळा. शेवटी ही म्हणाली, 'अहो, सुचवताय कसले, डोकं खाताय तिचं.'

तुम्हाला सांगतो, माझी ड्रायव्हिंग स्कूल आहे. बावीस वर्षं लोकांच्या शेजारी बसून काढलीत. शिकणाऱ्याला म्हणायचं, गाडी तुमची, स्टिअरिंग तुमचं, बिनधास्त चालवा... माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो, त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. सवयच लागलीय ती. तर मला कल्पना सुचली. लोक ड्रायव्हिंग स्कूल निवडतात बोर्ड बघून, आणि तिथेच फसतात, खरं म्हणजे शिकणारा चालवत असताना शेजारी बसून बघावं, पहिल्या वळणाला कळतं. मग मेडिकल कॉलेज कसं कळणार? पेशंट होऊन आडवं पडायचं. दोन्हीकडे जायचं, दोन्हीकडे एकच दुखणं सांगायचं. दुखणं निवडलं छातीत धडधड, म्हणजे भारदस्त वाटतं आणि बाहेरून दिसत नाही.

'अहो, आणि खरंच काही निघालं म्हणजे?' ही म्हणाली. म्हटलं, निघायचंय काय, आत सगळे पार्ट ओरिजिनल आहेत.

पहिल्यांदा अर्थातच जवळचं. केसपेपर काढला, दहा मिनिटांत नंबर. मोठे डॉक्टर खुर्चीत, फोन कानाला, 'अरे, पण माझ्या गाडीच्या मागे कोणी लावलीय ती?' असं फोनवर ओरडतायत आणि दुसऱ्या हाताने मला बस म्हणून खूण. मी बसलो. शर्टावरूनच डावीकडे ती नळी टेकवली, दोन सेकंद, मोजून दोन, आणि फोनवर हात ठेवून मला म्हणतात, 'फर्स्ट क्लास. घोडा आहात घोडा.' झालं. शिकणारी मुलं म्हणाल तर बाहेर जिन्यात एकमेकांच्या वह्या उतरवत बसलेली. मी घरी येऊन काय सांगितलं? 'काय झटपट कॉलेज आहे, माणसाला एक मिनिट ताटकळत ठेवत नाहीत.' फोनचं सांगितलं नाही. शर्टाचं तर नाहीच. निर्णय तिचा आहे ना, मग तिच्या डोक्यात नसते घोळ कशाला घालायचे?

आणि लांबच्या ठिकाणी गेलो तो, खरं सांगायचं तर, खोट काढायलाच गेलो. खिशात छोटी डायरी. पोचताच लिहिलं: आठ तासांत कंबर गेली. खाली लिहिलं: रांगेत दोन तास. तिसरी खोट, पंखा कुरकुरतो. मी खुशीत... आणि मग आली ती मुलगी. शिकाऊ. एप्रनच्या बाह्या बोटांपर्यंत आलेल्या, आमच्या लेकीहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. तिने चाळीस मिनिटं प्रश्न विचारले हो. वडील कशाने गेले, जिना चढताना दम लागतो का, झोप किती, काळजी कसली करता... आता ती काळजी तिला कशी सांगू? मग शर्ट काढायला लावला आणि डावीकडे स्टेथोस्कोप ठेवला. ऐकतेय. ऐकतेय. चेहरा उतरला तिचा. नळीवर टिचकी मारून बघितली, स्वतःच्या छातीला लावून बघितली, पुन्हा माझ्या. मग हळूच विचारते, 'काका, तुम्हाला बरं वाटतंय ना?' बाप रे, मला खोटी धडधड सांगायची होती, तिथे खरी सुरू झाली.

आता तिच्या जागी दुसरं कोणी असतं तर कागदावर 'नॉर्मल' लिहून मोकळं झालं असतं. ती उठून सरळ मॅडमकडे गेली, सगळ्या वॉर्डासमोर म्हणाली, 'मॅडम, मला नीट ऐकू येत नाहीये.' मॅडम म्हणजे शिकवणाऱ्या मोठ्या डॉक्टर, केस पांढरे, चष्मा कपाळावर. म्हणाल्या, 'म्हणजे काय? पेशंट जिवंत आहे ना?'

'बोलतोय, मॅडम. खूप बोलतोय.'

मॅडम आल्या, एकदाच ऐकलं, आणि बाजूला होऊन तिला म्हणाल्या, 'मी सांगणार नाही. तू शोध.' आणि शोधलं हो तिने, बोटभर सरकायची, थांबायची, बोटभर सरकायची, पार उजवीकडे आली आणि थबकली. 'मॅडम, इथे आहे.' माझं हृदय! उजवीकडे! पन्नाशी उलटेपर्यंत मी वावरतोय आणि मलाच पत्ता नाही. फोटो काढला तर नुसतं हृदयच नाही, आतलं सगळं घर आरशात बघावं तसं उलटं लावलेलं. मॅडम म्हणाल्या, घाबरू नका, धोका काही नाही, फक्त पुढे कधी ऑपरेशन करायचं झालं तर आधी सांगत जा. मग बोलावली सगळी फौज, ती चौतीस. शेवटी मॅडमनी विचारलं, 'इतक्या वर्षांत कोणीच तपासलं नाही?' मी म्हटलं, परवाच तपासलं. 'कोणी?' मी शर्टाची बटणं लावत बसलो. आपल्या गावचं कॉलेज आहे शेवटी.

परतीच्या बसमध्ये आठ तास माझ्या डोक्यात एकच, की सांगायचं का? गप्प बसलो तर कोणाला कळणार आहे? शुक्रवारी दुपारी तीनला घरात पाऊल टाकतो तर काय, पोरीने फॉर्म भरून ठेवलेला. जवळच्याचा. म्हणाली, 'बाबा, तू रोज इतका बेचैन असतोस, म्हटलं इथेच राहते. तुझी सही फक्त.' पेन हातात. मला हवं होतं तेच माझ्यासमोर, सही करायची आणि हात-पाय धुवायला जायचं. नाही झाली हो सही. उद्या ही पोर कोणाच्या तरी छातीला कान लावणार, आणि तिलाही शर्टावरून दोन सेकंदच शिकवणार? मी म्हटलं, 'अगं, माझं हृदय उजवीकडे आहे.'

आणि ही पोरगी काय म्हणावी? 'मग, आहेच की. लहानपणी तुझ्या अंगावर झोपायचे तेव्हा तिकडेच कान ठेवायला लागायचा. मला वाटायचं सगळ्या बापांचं तिकडेच असतं.' मग म्हणाली, 'पण सापडलं कोणाला?'

'लांबच्यांना.'

'आणि इथल्यांना?'

'इथले घोडा म्हणाले.'

तिने फॉर्म फाडला नाही, नुसतं दुसरं पत्र पुढे ओढलं. पावणेपाचला कळवून मोकळी. निर्णय तिचा. सुचवला मीच, माझ्याच छातीने, सांगणार कोणाला?

आता तिसरं वर्ष आहे तिचं. परवा त्या मॅडमचा फोन, 'परीक्षा आहेत, केस म्हणून याल का? तुमच्यासारखा पेशंट मिळत नाही.' म्हटलं, वा, येतो की, तेवढीच लेकीची भेट. आठ तास बसून गेलो, शर्ट काढून आडवा पडलो, दाराकडे डोळे लावून. एक आला, दुसरी आली, विसावा आला, ही काही येईना. शेवटी विचारलं तर मॅडम म्हणतात, तिला आधीपासून माहितीय ना, तिला तुमच्याकडे कशी पाठवणार? आणि खरंच, पडद्यापलीकडून तिचा आवाज येत होता. दुसऱ्याच कोणाच्या तरी बापाला इतक्या मायेने विचारत होती, 'जेवण जातंय ना तुम्हाला? घरी कोणाची आठवण येते का?' आणि तो गृहस्थ म्हणतो कसा, 'नाही हो, मुलगी इथेच राहते, वीस मिनिटांवर.'