कापसावरचं कीट

ग्रीसमधल्या वोलोसच्या दवाखान्यात एवान्थिया आपल्या नंबराची वाट बघत होती. समोरचं जोडपं दबक्या आवाजात भांडत होतं. त्यांची सोळा वर्षांची लेक दानाई आत छाती तपासून घेत होती.

“तंबाखू तापवून ओढायचं ते यंत्र ईस्टरलाच सोडलंस म्हणे? मग हे बघ.”

“कापूस काय दाखवतेस, थालिया?”

“आज त्याच्या नळीतून फिरवला. काळंकुट्ट कीट! रविवारीच मी स्पिरिटनं पुसून लख्ख केलं होतं, भावाला द्यायचं म्हणून.”

“पोरीची शप्पथ, मी हातसुद्धा लावला नाही.”

“तिची शप्पथ खाऊ नकोस! खोकून खोकून जीव चाललाय तिचा, आणि तू खोटं बोलतोस?”

“खरंच नाही गं ओढलं मी.”

“मग काय भुतानं ओढलं? घरात तू, मी आणि…”

थालियाची नजर तपासणीच्या बंद दाराकडे गेली. नवऱ्यानं मान वर केली. एवान्थियानं उगाच पर्स उघडली.

दार उघडलं. डॉक्टरांच्या मागे दानाई खाली बघत उभी होती.

“घरात ओढतं कोण?”

“मी,” बाप म्हणाला.

“किती सांगितलं, डॉक्टर, ऐकतच नाही हा माणूस!” थालिया म्हणाली, आणि तिनं कापूस मुठीत घट्ट मिटला.