शून्य मीटरवरचे बाबा

हॅलो?… हं, बोल गं चिमे… ऑफिसातच आहे, पाच वाजत आले, निघतेच आता… बाबा? काय केलं बाबांनी?… काहीच नाही? मग तुझा आवाज एवढा खुशीत कशामुळे?

अच्छा, त्यांच्या मनगटावरचा पट्टा… हो, बायपासनंतर मीच दिला तो… कुठे दाखवतोय?… टॉवरपाशी. रोजच्यासारखं… हो, बाकावर बसतात म्हणतात. म्हणतात.

नाही गं, संशय कसला! चाळीस वर्षं ज्या माणसानं टॉवरच्या घड्याळाला किल्ली दिली, तो ते बंद पडलेलं बघत खाली मुकाट बसेल, एवढंच मला पटत नाही… डॉक्टरांनी जिना बंद केलाय, मला माहितेय. हृदयाला झेपणार नाही म्हणाले, माझ्यासमोरच… पण बाबांनी ऐकलं का ते?

पुरावा? कसला पुरावा?… फोनवर उंची शून्य मीटर दिसते. आणि म्हणून ते जमिनीवर?… अगं ऐक… ऐक ना… आधी हसणं थांबव. शून्य म्हणजे समुद्रसपाटी. आपलं गाव साडेपाचशे मीटरवर आहे. तुझा फोन खरा मानला, तर बाबा बाक घेऊन पाताळात बसलेत.

नाही, पट्टा बिघडलेला नाही. त्याला उंची कळलेलीच नाही… हो, जागा कळते आणि उंची कळत नाही, असं होतं. तेव्हा तो रकाना कोरा सोडायचा असतो. आमच्या नकाशांच्या ऑफिसात नियमच आहे, माहीत नसेल तर लिहू नका. पण काहींना कोरं बघवत नाही, देतात शून्य ठोकून. मी दिवसभर हेच करते, धान्यातले खडे निवडावेत तशी शून्यं निवडत बसते.

म्हणजे असं, की ते बाकावर आहेत की एकशे ब्याऐंशी पायऱ्या वर, हे तुझ्या फोनला ठाऊक नाही. नकाशावर दोन्हींचा ठिपका एकच.

थांब, एक सांग. परवा त्यांच्या बाहीला काळं वंगण लागलं होतं म्हणालीस… सायकलचं? सायकल तर तू गेल्या वर्षी देऊन टाकलीस… हं… आणि टॉवरच्या दाराची चावी? परत केली, हे कोण म्हणालं?… तेच ना. तू पाहिलीस परत करताना?

अगं, तुला नाही बोलत मी… रडू नकोस. शून्य बघून कुणीही फसलं असतं. मीसुद्धा…

हे मागे काय वाजतंय?… टीव्ही नाही गं. खिडकी उघड. गप्प राहा जरा… तीन… चार… पाच.

चिमे, हा टोल तर मार्चपासून बंद होता.

आणि माझ्या घड्याळातही पाचच. मिनिटाचा फरक नाही. बाबाच.

जा तू. धावत जा, पण खालून हाक मारू नकोस… अजिबात नाही, चोरी पकडली म्हणून भराभर उतरतील. दाराशी नुसती उभी राहा, त्यांच्या चालीनं उतरू देत… नाही, रागावायचं काम माझं. तू पाणी ने. गोळ्यांची डबी ने… आणि फोन चालूच ठेव, पावलं ऐकू येऊ देत मला… पोचलीस?… येतायत का खाली?… चिमे?… हॅलो?… हॅलो?